विमानात फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकायला नकार दिला तर काय होतं? लोहगावच्या रीलपासून ‘नो-फ्लाय लिस्ट’पर्यंत सगळं समजून घ्या

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमानाचे दरवाजे बंद झालेत. केबिन क्रू एकेक रांग तपासत पुढे येतोय. “सर, फोन फ्लाइट मोडवर टाका.” “मॅडम, लॅपटॉप बॅगेत ठेवा.” “प्लीज व्हिडिओ काढू नका, हा डिफेन्सचा एअरपोर्ट आहे.”

बहुतेक लोक ऐकतात. पण एखाद्या रांगेत गाडी अडतेच. “एक अर्जंट कॉल आहे, दोन मिनिटं.” “मी दर आठवड्याला जातो, आजवर काही झालं नाही.” “तिकिटाचे पैसे भरलेत, फोन माझा आहे.” आवाज चढतात, बाजूचे लोक फोन काढून शूटिंग सुरू करतात आणि संध्याकाळपर्यंत ती क्लिप तुमच्या फीडवर येते. खाली कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो, उतरवा याला. दुसरा म्हणतो, एका फोनने विमान पडतं का?

यातला दुसरा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण विमानात असा वाद झाला की कायदा फोनकडे फारसा बघतच नाही. तो बघतो एका गोष्टीकडे: क्रूने दिलेली कायदेशीर सूचना तुम्ही पाळली की नाही?

थोडक्यात सांगायचं तर:

- भारतात एप्रिल २०१४ पासून फोन आणि टॅबलेट फ्लाइट मोडवर ठेवून पूर्ण प्रवासात वापरता येतात. नेटवर्क सुरू ठेवून नाही.
- क्रूच्या सूचना पाळायला नकार देणं हा विमान नियम १९३७ मधल्या नियम २२ नुसार गुन्हा आहे.
- पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे. त्यामुळे इथे फोटो आणि व्हिडिओचे नियम जास्त कडक आहेत.
- बेशिस्त वर्तनासाठी ३ महिन्यांपासून २ वर्षं किंवा त्याहून जास्त काळ विमानप्रवासाची बंदी येऊ शकते.
- पण विमान कंपनीला मनाला येईल तशी बंदी घालता येत नाही. त्यासाठी समिती, मुदत आणि अपील अशी ठरलेली पद्धत आहे.

आता एकेक मुद्दा नीट पाहू.

नियम नेमका काय सांगतो?

भारतातल्या नागरी विमान वाहतुकीचे मूळ नियम १९३७ सालचे आहेत. त्यांना ‘एअरक्राफ्ट रूल्स, १९३७’ म्हणतात. त्यांच्या मुळाशी असलेला १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ लागू झाला.

यातला नियम ‘२९ बी’ इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा आहे. उड्डाणादरम्यान प्रवाशाने अशी उपकरणं चालवायची नाहीत आणि वैमानिकानेही ती चालवू द्यायची नाहीत, हे त्याचं मूळ सूत्र. श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर अशा वस्तूंना त्यातून सूट आहे. शिवाय ज्या उपकरणांमुळे अडथळा येत नाही असं डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला वाटतं, त्यांनाही सूट देता येते.

ही सूट गेल्या काही वर्षांत वाढत गेली. अमेरिकेने ऑक्टोबर २०१३ मध्ये टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळीही फ्लाइट मोडवरची उपकरणं वापरायला वाट मोकळी केली. भारतात तोच बदल एप्रिल २०१४ मध्ये झाला. त्याआधी टेकऑफ आणि लँडिंगला फोन पूर्ण बंद करावा लागायचा. मार्च २०२० मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि फोन फ्लाइट मोडवर असताना विमानातलं वायफाय वापरू देण्याचा अधिकार वैमानिकाला मिळाला. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने आपल्या काही विमानांत देशांतर्गत मार्गांवरही वायफाय सुरू केलं.

म्हणजे आज चित्र असं आहे: सिनेमा बघा, गाणी ऐका, गेम खेळा. फक्त सिमचं नेटवर्क बंद हवं. विमान उतरल्यावर, ते धावपट्टीवरून बाजूला झालं आणि क्रूने तशी घोषणा केली की फोन सुरू करता येतो. चाकं जमिनीला टेकल्याबरोबर घुमायला लागणारे ते ‘टिंग टिंग’ आवाज नियमात बसत नाहीत.

फोनमुळे विमान पडतं का?

खरं उत्तर असं: एखाद्या प्रवाशाच्या फोनमुळेच प्रवासी विमान कोसळलं, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. क्रू तसं म्हणतही नाही.

मग अडचण काय? फोन हा एक छोटा ट्रान्समीटर आहे. टॉवर जवळ असेल तर तो कमी ताकदीने बोलतो. टॉवर लांब गेला की आवाज वाढवतो. विमान वर जाऊ लागलं की फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्तीत जास्त ताकदीने सिग्नल सोडतो. बॅटरी झरझर उतरते ती याच कारणाने.

जुन्या २जी फोनचा अनुभव आठवा. स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या आधी ‘टर्र-टर्र-टर्र’ असा आवाज यायचा. तसाच आवाज वैमानिकाच्या हेडसेटमध्ये येऊ शकतो. हवाई नियंत्रण कक्षाशी बोलणं होतं ते साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी यंत्रणा १०८ ते ११२ मेगाहर्ट्झवर चालते. फोनची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, पण उपकरणं नको असलेल्या लहरीही थोड्याफार सोडतात. आजची विमानं त्याविरुद्ध बरीच संरक्षित आहेत. तरी दीडशे-दोनशे फोन, त्यातले काही दुरुस्त केलेले, काही स्वस्तातले, काही खराब झालेले, असं सगळं प्रत्येक उड्डाणाआधी तपासणं शक्य नाही. म्हणून सगळ्यांना एकच नियम.

आणखी एक कारण जमिनीवरचं आहे. उंचावरच्या फोनला एकाच वेळी अनेक टॉवर ‘दिसतात’ आणि मोबाइल नेटवर्कचा गोंधळ उडतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये विमानातल्या मोबाइल कॉलवर बंदी घातली, ती प्रामुख्याने याच काळजीपोटी.

पुणेकरांना यातलं एक प्रकरण जवळचं आहे. विमान जमिनीपासून किती उंच आहे हे मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. भारतातला ५जीचा एक महत्त्वाचा पट्टा ३.३ गिगाहर्ट्झपासून सुरू होतो. अंतर आहे, पण फार नाही. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना सांगितलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या पट्ट्यात या फ्रिक्वेन्सीचे ५जी टॉवर नकोत. पुणे आणि नागपूर विमानतळांवर तोपर्यंत ५जी पोहोचलेलं होतं. हा प्रश्न प्रवाशांच्या फोनचा नव्हता, टॉवरचा होता. पण विमानतळाजवळच्या रेडिओ लहरींकडे यंत्रणा किती बारकाईने बघतात, हे त्यातून कळतं.

मग लॅपटॉप बॅगेत का?

कारण लॅपटॉपच्या बाबतीत प्रश्न लहरींचा नाही, वजनाचा आहे.

१५ फेब्रुवारी २०२० ची घटना घ्या. पुण्याहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं ए३२१ विमान धावपट्टीवर ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने धावत होतं. तेवढ्यात वैमानिकांना समोर एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबायला जागा नव्हती. त्यांनी ठरलेल्या क्षणाआधीच विमान वर उचललं. विमानाचा मागचा भाग धावपट्टीला घासला. पुढे ते दिल्लीला सुखरूप उतरलं.

अशा क्षणी मांडीवर उघडा असलेला दीड-दोन किलोचा लॅपटॉप काय करेल, याची कल्पना करा. अचानक ब्रेक लागला किंवा झटका बसला तर तो पुढच्या माणसाच्या डोक्यावर जाऊ शकतो. विमान रिकामं करायची वेळ आली तर तो पायात येतो. प्रवासी विमानाला मान्यता मिळवताना, निम्मे दरवाजे बंद असतानाही ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे कंपनीला दाखवावं लागतं. ट्रे टेबल बंद, सीट सरळ, हेडफोन काढा, चार्जिंगची वायर गुंडाळा, या सगळ्या सूचना त्या ९० सेकंदांसाठी आहेत.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकलं आणि पेटलं. त्यातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. क्रूने सांगितलं ते लोकांनी ऐकलं आणि सामान मागे सोडलं, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

म्हणून टेकऑफ आणि लँडिंगच्या त्या थोड्या मिनिटांत क्रू हट्टाने मागे लागतो. तो तुमच्या लॅपटॉपवर रागावलेला नसतो.

पुण्यात व्हिडिओचा मुद्दा वेगळा का?

लोहगाव हा मूळचा लष्करी तळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो उभा राहिला. आजही धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे आहे आणि सुखोई-३० लढाऊ विमानं इथून उडतात. प्रवासी टर्मिनल हा त्याच्या कडेचा नागरी भाग. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल कितीही चकाचक असलं तरी खिडकीबाहेर दिसणारं बरंच काही संरक्षण खात्याचं आहे. गोव्याच्या दाबोळीचंही तसंच. तो नौदलाचा तळ आहे.

विमान नियमांतला नियम १३ विमानतळावरच्या आणि उडत्या विमानातून केलेल्या चित्रीकरणावर परवानगीशिवाय बंदी घालतो. मग आपण खिडकीतून ढगांचे फोटो काढतो ते बेकायदा का? नाही. डीजीसीएने ९ डिसेंबर २००४ च्या पत्राने साध्या प्रवाशांना त्याची मुभा दिलेली आहे. पण ती मुभा बिनशर्त नाही.

ही अट देशभर चर्चेत आली ती मुंबईच्या एका विमानामुळे. ९ सप्टेंबर २०२० ला अभिनेत्री कंगना रनौत चंदीगडहून मुंबईला येत होत्या. इंडिगोच्या त्या विमानात माध्यमांचे प्रतिनिधीही होते. त्यांना टिपण्यासाठी कॅमेरे आणि माइक घेऊन गर्दी झाली. कोरोनाचा काळ होता, अंतर राखण्याच्या सूचना होत्या, तरी लोक उभे राहून शूटिंग करत होते. डीजीसीएने कंपनीकडून अहवाल मागवला आणि बजावलं, की नियम १३ चा भंग झाला तर त्या मार्गावरचं ते उड्डाण दोन आठवड्यांसाठी बंद केलं जाईल. पुढे इंडिगोने नऊ माध्यमकर्मींवर १५ दिवसांची बंदी घातली.

त्याच वेळी डीजीसीएने एक खुलासा केला, तो आजच्या रील बनवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. प्रवासी विमानाच्या आतून फोटो आणि व्हिडिओ काढू शकतात, टेकऑफ-लँडिंगलाही काढू शकतात. पण ज्यामुळे गोंधळ होतो, सुरक्षेला बाधा येते किंवा ज्याला क्रूने स्पष्टपणे मनाई केली आहे, असं चित्रीकरण त्या परवानगीत येत नाही. म्हणजे क्रूने ‘बंद करा’ म्हटलं, की तुमची परवानगी तिथे संपली.

लष्करी विमानतळांवर तर ही मनाई आधीपासूनच आहे. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान तणावानंतर, डीजीसीएने विमान कंपन्यांना ती पुन्हा बजावून सांगितली. पश्चिम सीमेकडच्या लष्करी तळांवर टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याचा आदेशही तेव्हा निघाला. पडद्यांबाबतचे आदेश परिस्थितीनुसार बदलतात. त्यामुळे ‘मागच्या वेळी तर चाललं होतं’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. त्या दिवशी क्रू सांगेल तेच खरं.

“पण नकाशावर तर सगळं दिसतं,” असं अनेकजण म्हणतात. नकाशावर धावपट्टी दिसते. त्या तारखेला, त्या वेळी कोणती विमानं कुठे उभी होती, हे तुमच्या तारीख-वेळ-लोकेशन टाकलेल्या रीलमधून कळतं. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

नकार दिला तर पुढे काय काय होतं?

सहसा प्रकरण टप्प्याटप्प्याने चढत जातं.

पहिला टप्पा म्हणजे विनंती. क्रू एकदा, दोनदा शांतपणे सांगतो. नव्वद टक्के गोष्टी इथेच मिटाव्यात, अशीच अपेक्षा असते.

दुसरा टप्पा म्हणजे स्पष्ट ताकीद. वरिष्ठ क्रू येतो आणि सांगतो, की ही सूचना कॅप्टनच्या वतीने दिलेली आहे. हे वाक्य ऐकलं की समजून जा, प्रकरण आता कायद्याच्या भाषेत गेलंय. नियम २२ मध्ये कॅप्टनने किंवा त्याच्या वतीने क्रूने दिलेली कायदेशीर सूचना पाळायला नकार देणं, हे थेट नमूद आहे. क्रूला धमकावणं किंवा शिवीगाळ करणं हेही त्यातच येतं.

तिसरा टप्पा कॅप्टनचा. विमान अजून जमिनीवर असेल तर ते पुन्हा पार्किंगकडे वळवून प्रवाशाला उतरवता येतं. हवेत असेल तर उतरल्यावर त्याला सुरक्षा यंत्रणांच्या ताब्यात देता येतं. गंभीर प्रकरणात प्रवाशाला बांधूनही ठेवता येतं. हे अधिकार १९६३ च्या टोकियो कराराने कॅप्टनला दिलेत. भारतात त्यासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे.

चौथा टप्पा पोलिसांचा. मार्च २०२३ मध्ये लंडन-मुंबई विमानात स्वच्छतागृहात धूम्रपान करणाऱ्या आणि क्रूचं न ऐकणाऱ्या एका प्रवाशावर मुंबईच्या सहार पोलिसांनी गुन्हा दाखल केला. त्यात धूम्रपानाच्या नियम २५ सोबत नियम २२ आणि २३ ही कलमंही लावली होती. म्हणजे मूळ कृत्याचा गुन्हा वेगळा आणि ‘ऐकलं नाही’ याचा वेगळा. फोनच्या बाबतीतही गणित हेच. फोन सुरू ठेवणं ही छोटी चूक, पण त्यावरून क्रूशी हुज्जत घालणं तिला मोठं करतं.

‘नो-फ्लाय लिस्ट’चा पुण्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. २३ मार्च २०१७ ला एअर इंडियाचं पुणे-दिल्ली विमान एआय ८५२ दिल्लीत उतरलं. उस्मानाबादचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, तेव्हाचे शिवसेना खासदार रवींद्र गायकवाड त्यात होते. त्यांच्याकडे बिझनेस क्लासचं तिकीट होतं, पण विमानात सगळ्या जागा इकॉनॉमीच्या होत्या. दिल्लीत ते विमानातून उतरायला तयार नव्हते. समजूत काढायला आलेल्या एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला आपण चपलेने मारलं, असं त्यांनी नंतर स्वतःच माध्यमांसमोर सांगितलं. विमान कंपन्यांनी मिळून त्यांना बंदी घातली आणि खासदारांना दिल्लीहून रेल्वेने परतावं लागलं. ७ एप्रिलला बंदी उठली.

पण त्या दोन आठवड्यांत एक प्रश्न समोर आला: अशी बंदी घालायचा अधिकार कोणाचा, किती दिवसांसाठी आणि कोणत्या नियमाने? तेव्हा त्याचं नीट उत्तर नव्हतं. ते ८ सप्टेंबर २०१७ ला आलं. डीजीसीएने बेशिस्त प्रवाशांसाठीचे नवे नियम जाहीर केले आणि भारताची ‘नो-फ्लाय लिस्ट’ अस्तित्वात आली. त्यात तीन पातळ्या आहेत:

- पातळी १: शाब्दिक त्रास, अश्लील किंवा धमकीचे हावभाव, दारू पिऊन गोंधळ. बंदी ३ महिन्यांपर्यंत.
- पातळी २: ढकलणं, मारणं, लाथ मारणं, नको तसा स्पर्श, लैंगिक छळ. बंदी ६ महिन्यांपर्यंत.
- पातळी ३: जिवावर बेतणारं वर्तन. विमानाच्या यंत्रणांचं नुकसान, गळा दाबणं, कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न. बंदी किमान २ वर्षं, कमाल मर्यादा नाही.

पुन्हा तोच प्रकार केला तर बंदीचा काळ दुप्पट होतो. पोलीस कारवाई या सगळ्यापेक्षा वेगळी. ती समांतर चालू शकते.

विमान कंपनी मनमानी करू शकते का?

नाही, आणि हा भाग प्रवाशांना कमी माहीत असतो.

कॅप्टनची तक्रार आली की कंपनीने ती अंतर्गत समितीकडे पाठवायची असते. समितीचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. दुसरा सदस्य वेगळ्या विमान कंपनीचा. तिसरा प्रवासी किंवा ग्राहक संघटनेचा, किंवा ग्राहक मंचाचा निवृत्त अधिकारी. समितीने ३० दिवसांत कारणांसह निर्णय द्यायचा. तोपर्यंत कंपनी जास्तीत जास्त ३० दिवस बंदी घालू शकते. मुदतीत निर्णय झाला नाही तर प्रवासी पुन्हा उडायला मोकळा. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत अपील समितीकडे जाता येतं आणि तिचे प्रमुख उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात.

ही पद्धत का महत्त्वाची आहे, ते कॉमेडियन कुणाल कामरा यांच्या प्रकरणात दिसलं. २८ जानेवारी २०२० ला इंडिगोच्या मुंबई-लखनौ विमानात त्यांनी पत्रकार अर्णब गोस्वामी यांना प्रश्न विचारत फोनवर व्हिडिओ काढला आणि पोस्ट केला. इंडिगोने त्यांना ६ महिन्यांची बंदी जाहीर केली. इतर काही कंपन्यांनीही बंदी घातली. पण त्या विमानाच्या कॅप्टननेच कंपनीला लिहिलं, की कारवाईआधी मला विचारलं नाही. कामरा यांचं वागणं बरं नव्हतं, पण त्यांनी क्रूच्या सूचना ऐकल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे अंतर्गत समितीने बंदी ३ महिन्यांवर आणली.

इथे दोन्ही बाजूंना धडा आहे. सूचना ऐकणं हा प्रवाशाचा सगळ्यात भक्कम बचाव आहे. आणि सोशल मीडियावर कितीही संताप असला तरी कंपनीला नियमांची पायरी ओलांडता येत नाही.

लोक ऐकत का नाहीत?

आयएटीए ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या आकडेवारीनुसार जगभरात २०२१ मध्ये दर ८३५ उड्डाणांमागे बेशिस्तीची एक घटना होती. २०२२ मध्ये ती दर ५६८ उड्डाणांमागे एक झाली. सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे क्रूच्या सूचना न पाळणं.

याचं एक कारण नियमांच्या इतिहासातच आहे. १९६० च्या दशकात एफएम रेडिओवर बंधनं आली, मग लॅपटॉप, मग मोबाइल. नंतर तेच नियम सैल झाले. डिसेंबर २०११ मध्ये हॉलिवूड अभिनेता अॅलेक बाल्डविन यांना लॉस एंजेलिसला विमानातून उतरवलं गेलं, कारण ते फोनवर शब्दांचा खेळ खेळत होते आणि फोन बंद करायला तयार नव्हते. दोनच वर्षांनी तिथला नियम बदलला आणि फ्लाइट मोडवर तोच खेळ टेकऑफच्या वेळीही चालेल असं झालं. काल धोकादायक, आज चालतं, हे बघून लोकांना वाटतं नियमच फुसके आहेत. खरं तर नियम सैल झाले ते तपासण्या करून आणि विमानांची खात्री पटल्यावर.

दुसरं कारण साधं आहे. क्रू ‘का’ ते सांगत नाही. त्यांच्याकडे वेळ नसतो. ‘फोन बंद करा’ एवढंच कानावर येतं आणि माणसाला ते सांगणं नाही, हुकूम वाटतो.

पॉवर बँक आणि सीटखाली पडलेला फोन

आज क्रूला सिग्नलपेक्षा जास्त धास्ती बॅटरीची आहे. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. सगळे बाहेर पडले, विमान मात्र जळालं. तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे गेली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी नियम कडक केले. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी घातली.

लक्षात ठेवायच्या गोष्टी: पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हाताशीच ठेवायची. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते. साधारण २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे मर्यादेत. १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची नेताच येत नाही.

आणि फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका. फोन चिरडला गेला तर बॅटरी पेटू शकते. क्रूला बोलवा, ते काढून देतील.

क्रू खरंच चुकला असेल तर?

असं होऊ शकतं. क्रूही माणसं आहेत. पण विमानात वाद जिंकायची जागा नसते. आधी सूचना पाळा. मग फ्लाइट नंबर, तारीख, वेळ, सीट आणि नेमकं काय बोलणं झालं ते लिहून ठेवा. बाजूच्या प्रवाशाची साक्ष मिळत असेल तर त्यांचा नंबर घ्या. उतरल्यावर कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअर सेवा’ पोर्टलवर जा. त्यापुढे ग्राहक आयोग आहेच.

तातडीची अडचण असेल, म्हणजे घरी कोणी आजारी आहे, एखादा निरोप द्यायचाच आहे, तर दरवाजे बंद व्हायच्या आधी क्रूला सांगा. श्रवणयंत्र किंवा शरीरातल्या साखरेवर लक्ष ठेवणारं यंत्र फोनला जोडलेलं असेल, तर तेही चढतानाच कळवा.

आणि दुसऱ्याचा वाद शूट करत असाल तर? डिसेंबर २०२२ मध्ये इंडिगोच्या इस्तंबूल-दिल्ली विमानातली, क्रू आणि प्रवाशाच्या जेवणावरून झालेल्या वादाची क्लिप व्हायरल झाली आणि अनेकांना पहिल्यांदा क्रूची बाजू कळली. क्लिपचा उपयोग होतो. पण ‘बंद करा’ अशी सूचना आली की थांबायचं, पॅसेजमध्ये उभं राहायचं नाही आणि पुण्यात असाल तर कॅमेरा खिडकीबाहेर वळवायचा नाही.

पुणे-दिल्ली प्रवास साधारण दोन तासांचा. त्यात फोन नेटवर्कशिवाय राहिला तर जास्तीत जास्त काही मेसेज उशिरा पोहोचतात. सूचना नाकारली तर मात्र मागे बसलेल्या दीडशे लोकांना उशीर होतो आणि तुमचं नाव अशा यादीत जाऊ शकतं, जिच्यातून बाहेर यायला काही महिने लागू शकतात.